कागदाचं कुत्रं : तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून पहिली घडी कशी घालून घ्यायची

बालवाडीच्या वयाच्या मुलांना कागदाच्या घड्या शिकवायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मुलाचा कागद तिरका दुमडला जातो आणि शेजारच्या मोठ्या माणसाला ते बघवत नाही. "थांब, मी करून देते" म्हणत हात पुढे जातो, घडी सरळ होते, आणि तिथून पुढचं कुत्रं त्या मोठ्या माणसाचं असतं. मुलाच्या वाट्याला उरतात फक्त डोळे काढायचे.

हे टाळायचं असेल तर बरीचशी तयारी मुलाच्या हातात कागद देण्याआधीच करावी लागते. कागद कुठला, केवढा, समोर कसा ठेवायचा, काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे सगळं खाली क्रमाने दिलं आहे. आजवर एकाही लहान मुलाकडून कागद दुमडून घेतला नसेल तरी चालेल. स्वतःला काही बनवता येत नसेल तर उत्तमच, कारण मग घाई होत नाही.

नमुना म्हणून कुत्र्याचं तोंड घेतलं आहे. त्याला चारच घड्या लागतात आणि त्यातल्या तीन कशाही पडल्या तरी चालतात. एक कान वर नि एक खाली झाला, हनुवटी वाकडी झाली, तरी ते कुत्रंच दिसतं. पुष्कळ जण होडीपासून सुरुवात करतात, कारण आपल्याला स्वतःला तीच येत असते. पण होडीत शेवटी खिसा उघडून कागद दुसऱ्या दिशेला चपटा करावा लागतो आणि मग दोन टोकं धरून बाहेर ओढावी लागतात. चार वर्षांच्या बोटांना ते झेपत नाही. ओढताना कागद बरोबर मधोमध फाटतो आणि रडारड होते. होडी सहा-सात वर्षांपर्यंत थांबू द्या.

काय काय लागेल

- चौकोनी कागद, माणशी किमान तीन (एक मुलाचा, एक तुमचा, एक फाटला तर)
- एक कात्री, फक्त मोठ्यांच्या हातात
- पट्टी आणि पेन्सिल
- दोन रंगांची स्केचपेनं किंवा तेलखडू
- टणक, सपाट टेबल किंवा पाट. गादी, सतरंजी, मांडी यांवर घडी बसत नाही.
- हात पुसायला ओलं फडकं

डिंक लागत नाही. चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे मिळतात, तेही नकोत. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकण्याएवढेच ते असतात.

१. कागद निवडा

इथेच अर्धं काम होतं किंवा बिघडतं. झेरॉक्सचा साधा कागद, म्हणजे ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ७० ते ८० ग्रॅम), सुरुवातीला सगळ्यात चांगला. तो थोडा जाड असतो, पण घडी धरून ठेवतो आणि चुकीची घडी उलगडून परत घालता येते. शाळेतल्या कागदकामाचा घोटीव कागद दिसायला छान, एका बाजूने रंगीत असतो. तो पातळ असल्यामुळे घडीही पटकन पडते. मात्र तो गुळगुळीत असतो, लहान बोटांखालून सरकतो आणि एकदा चुरगळला की सुरकुती जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी झेरॉक्सचा कागद द्या, हात बसला की घोटीव.

कार्डपेपर नको. दुमडताना त्याची कड फुटते आणि मुलाच्या अंगठ्यात तेवढा जोर नसतो. वर्तमानपत्राचा कागद मऊ असतो, पण त्यावर घडीची रेघ ठळक उठत नाही आणि शाई हाताला लागते. पताकेचा कागद तर उचलतानाच फाटतो.

आकाराचा गोंधळ मात्र जवळपास सगळ्यांचा होतो. हात लहान म्हणून कागदही लहान, असं वाटतं. खरं तर उलटं आहे. दहा सेंटिमीटरच्या कागदावर अर्धा सेंटिमीटर चुकला की कुत्र्याचं नाक कानाला जाऊन भिडतं. एकवीस सेंटिमीटरच्या कागदावर तेवढी चूक दिसतही नाही. विकतचा ओरिगामीचा, म्हणजे जपानी घडीकामाचा, कागद बहुधा १५ सेंटिमीटरचा असतो. तो मोठ्यांना सोयीचा. तीन-चार वर्षांच्या मुलाला १८ ते २१ सेंटिमीटरचा द्या.

कागदाला धाग्याची दिशा असते, हे एकदा हाताने अनुभवून ठेवा. पूर्ण कागद घडी न घालता एकदा आडवा आणि एकदा उभा नुसता वाकवून बघा. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने किंचित अडतो. आपली पहिली घडी तिरकी, कर्णावर आहे, त्यामुळे तिथे याने फार बिघडत नाही. पण पुढे कधी सरळ घड्या शिकवाल तेव्हा सहज वाकणाऱ्या दिशेने पहिली घडी द्या.

२. चौकोन अचूक कापा

ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याची एक आखूड कड उचलून लांब कडेवर तंतोतंत बसवा. तिरकी घडी पडेल, वर एक त्रिकोण तयार होईल आणि एका बाजूला पट्टी उरेल. ती पट्टी त्रिकोणाच्या कडेला धरून दुमडा, नखाने घोटा, कापा. उलगडलं की २१ सेंटिमीटरचा चौकोन हातात येतो.

पण या पद्धतीने चौकोनाच्या मधोमध एक तिरकी घडी आधीच पडून राहते. मुलाने पहिल्यांदा घालायची घडी नेमकी तीच! तयार रेघेवर कागद आपसूक दुमडला जातो आणि मुलाला काही करायलाच उरत नाही. म्हणून मुलांसाठीचे कागद पट्टीने मोजून, रेघ मारून कापा. घडी घालून केलेला चौकोन तुमच्यासाठी ठेवा. मूल अगदी तीन वर्षांचं असेल आणि पहिलाच दिवस असेल, तर मात्र घडी पडलेला कागद मुद्दाम द्यायला हरकत नाही. रेघ बोटांना वाट दाखवते.

कापल्यावर तपासून घ्यायची एक सोपी युक्ती आहे. ए-४ ची लांब बाजू आणि त्यातून निघालेल्या चौकोनाचा कर्ण एकाच लांबीचे असतात, कारण २१० ला २ च्या वर्गमुळाने गुणलं की २९७ येतात. म्हणून चौकोन तिरका धरून त्याची समोरासमोरची दोन टोकं न कापलेल्या ए-४ च्या लांब कडेवर ठेवा. दोन्ही टोकं कडेच्या दोन्ही शेवटांना लागली, आणि दुसरा कर्णही तसाच बसला, तर चौकोन बरोबर. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तर तो कागद बाजूला काढा. तिरक्या कापलेल्या कागदावर मुलाने कितीही नीट टोकं जुळवली तरी एका बाजूने कड बाहेर डोकावते, आणि ते बिचारं समजतं की आपलंच चुकलं.

उरलेली पट्टी टाकू नका, पुढे कामाला येते.

३. ठिपके द्या

"वरचं टोक खालच्या टोकाला लाव" हे वाक्य आपल्याला सोपं वाटतं. टेबलावर आडव्या पडलेल्या कागदाचं वर म्हणजे कुठे? मुलाला छत वर दिसतं. उजवं-डावं तर या वयात अजून पक्कं झालेलंच नसतं.

त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन टोकांवर एकेक लाल ठिपका काढा. मुगाच्या दाण्याएवढा पुरे. ठिपके कागदाच्या त्या बाजूला काढा जी घडीच्या आत जाणार आहे. मग सूचना एकच उरते: "लाल ठिपक्याने दुसऱ्या लाल ठिपक्याचा पापा घ्यायचा." टोकं जुळली की ठिपके आत झाकले जातात. ठिपका अजून दिसतोय म्हणजे टोक सरकलंय, हे मुलाला स्वतःलाच कळतं. तुम्हाला "चुकलं" म्हणावं लागत नाही. सगळ्या तयारीतून एकच गोष्ट ठेवायची झाली तर मी हे ठिपके ठेवेन.

४. कुठे बसायचं

मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसा. समोर बसलात की तुमचा कागद त्याला उलटा दिसतो आणि ते तसंच उलटं करायला जातं.

तुमच्या हातात तुमचा स्वतःचा कागद असला पाहिजे. हा नियम कडक पाळा. हाताला काम असलं की तो दुसऱ्याच्या कागदावर जात नाही. मुलाला अडलं तर आपल्या कागदाची घडी उलगडा आणि परत हळूहळू घाला, बघू द्या. बोट दाखवायचंच असेल तर आपल्या कागदावर दाखवा.

तुमच्या कागदाच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगांच्या असल्या तर फार बरं. "रंगीत बाजू टेबलाला, पांढरी आपल्याला बघतेय" एवढं म्हटलं की पुरतं.

५. पट्टीवर बोटं मोकळी करा

कापून उरलेली पट्टी मुलाला द्या आणि कशीही दुमडायला सांगा. इथे काही बनवायचं नाही. एकदा दुमड, उलगड, बघ रेघ कशी उठली. परत दुमड, आणखी एकदा. आता किती जाड झाली? एका घडीत दोन थर, दोन घड्यांत चार, तीन घड्यांत आठ. आठ थरांना मूल दात-ओठ खाऊन दाबतं आणि तरी ते फुगून वर येतं. आपल्या कुत्र्यात कुठेही चारपेक्षा जास्त थर येत नाहीत, हे त्याच्या निवडीमागचं आणखी एक कारण.

याच वेळी तीन शब्द शिकवून टाका: जुळव, धर, दाब. पुढे प्रत्येक घडीला हेच आणि याच क्रमाने. दाबण्याला मुलं "इस्त्री करणं" म्हणतात, ते म्हणू द्या.

६. पहिली घडी : त्रिकोण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कागद असा ठेवा की एक टोक मुलाच्या पोटाकडे आणि एक त्याच्यापासून लांब असेल. ठिपके याच दोन टोकांवर आहेत आणि ते वर दिसत आहेत. कागद एका बाजूने रंगीत असेल तर रंगीत बाजू खाली.

आता पोटाजवळचं टोक उचलून लांबच्या टोकावर न्यायचं. आपल्याकडून पलीकडे, असंच. बरेच जण लांबचं टोक आपल्याकडे ओढायला सांगतात, कारण कुत्र्याचा त्रिकोण शेवटी खाली टोक करूनच लागतो. पण तसं केलं की घडीची रेघ लांब पलीकडे पडते आणि ती घोटायला मुलाला टेबलावर ओणवं व्हावं लागतं. पोटाकडून पलीकडे नेलं की रेघ हाताशी राहते. त्रिकोण नंतर फिरवून घेता येतो.

आता नीट बघा, कारण घडी बिघडते ती पुढच्या दोन सेकंदांत. मूल टोकावर टोक आणतं. बहुतेक वेळा अगदी बरोबर आणतं, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. मग घडी दाबायची म्हणून दोन्ही हात एकदम खाली रेघेकडे येतात. वरची टोकं मोकळी होतात, कागद थोडासा उसळतो, सरकतो, आणि तेवढ्यात दोन्ही तळवे धपकन पडतात. घडी पक्की बसते, पण तिरकी. टोकं जुळवायला ते चुकलंच नव्हतं. धरून ठेवायचं राहिलं.

म्हणून एक हात टोकांवर राहणार, तो हलणार नाही. त्या हाताला काहीतरी नाव द्या. "झोपलेला हात" चालतं. दुसऱ्या हाताचं बोट टोकापासून सरळ खाली, कागदाच्या मधून, रेघेपर्यंत यायला हवं. तिथे मधोमध एकदा दाबायचं, मग मधून एका बाजूला आणि पुन्हा मधून दुसऱ्या बाजूला. एका टोकाकडून सुरुवात करून सरळ दुसऱ्या टोकापर्यंत घोटत नेलं तर पुढे हवा अडकून कागदाला चुणी पडते. मधून बाहेर गेलं की चुणी पडत नाही.

डावखुरं मूल असेल तर झोपलेला हात उजवा. त्याला काही सांगायची गरज नाही. फक्त "या हाताने धर" म्हणत हात बदलून देऊ नका.

घडी थोडी तिरकी पडली तर? पाव-अर्धा सेंटिमीटर असेल तर पुढे जा. बोटभर असेल आणि मुलाला स्वतःला खटकत असेल तर उलगडून परत घालायची. एकाच जागी दोन-तीनदा घडी घातली की कागद मऊ पडतो आणि कुठल्या रेघेवर दुमडावं हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. मग नवा कागद घ्या. मुलाला खटकत नसेल, तर तुम्हालाही खटकू देऊ नका.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला "किंडरगार्टन" हे नाव दिलं. त्याच्या पद्धतीत मुलांच्या हातकामांमध्ये कागदाच्या घड्यांना जागा होती, आणि त्यातून चौकोन, त्रिकोण हाताला कळावेत हा त्याचा हेतू होता. तेव्हा इथे घटकाभर थांबायला हरकत नाही. चौकोनाचा त्रिकोण झाला, उलगडला की परत चौकोन. पुष्कळ मुलांना हीच उघडझाप पुरते आणि कुत्र्याचं नावही निघत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं त्या दिवशीचं काम इथेच संपलं तर संपू द्या.

७. कान

त्रिकोण फिरवा. लांब सरळ कड वर, टोक पोटाकडे. "आता हे डोकं आहे, कान कुठे असतील?" असं विचारलं की मुलं बरोबर दोन्ही बाजूंच्या टोकांवर हात ठेवतात.

एका बाजूचं टोक धरून तिरकं खाली आणायचं, कान लोंबल्यासारखं दिसेपर्यंत. मग दाबायचं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन कानांच्या मध्ये वरच्या कडेवर कपाळाएवढी जागा राहायला हवी: २१ सेंटिमीटरच्या कागदाला मोठ्या माणसाच्या हाताचा पंजा, अंगठा सोडून, मावेल एवढी. कानाचं टोक चेहऱ्याच्या आत राहिलं तरी चालतं, बाहेर आलं तरी चालतं.

इथे ठिपके नाहीत, रेघ नाही, जुळवायचंही काही नाही. पहिल्या घडीत नेमकेपणा मागितला होता, आता मोकळीक. दोन्ही कान सारखे करून देण्याचा मोह फार होतो. आवरा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही कान सारखे हवे असतात आणि ते तसं बोलूनही दाखवतं. त्याच्यासाठी कानांच्या आधी एक जास्तीची घडी घाला: त्रिकोणाची दोन बाजूंची टोकं एकमेकांना जुळवून अर्धा करायचा, दाबायचा आणि लगेच उलगडायचा. मधोमध उभी रेघ मिळते. त्या रेघेपासून दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मोजून कान दुमडले की बरेचसे सारखे येतात. तीन वर्षांच्या मुलाला मात्र ही घडी देऊ नका. "घातली आणि परत उघडली, म्हणजे चुकली का?" हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसतो.

८. हनुवटी

खालच्या टोकाला कागदाचे दोन थर आहेत. इथे दोन वाटा आहेत.

सोपी वाट : दोन्ही थर एकत्र धरून टोक थोडं वर दुमडा. दोन बोटं रुंद पुरे. झालं.

थोडी अवघड वाट : फक्त वरचा थर वर दुमडायचा. रंगीत बाजू बाहेर ठेवली असेल तर आतला पांढरा कागद दिसतो आणि कुत्र्याला पांढरं थोबाड मिळतं. ते इतकं खरं दिसतं की मुलं हसायला लागतात. दोन थर सुटे करताना मात्र बोटं अडतात. नखाने उचकटायला सांगू नका, टोक फाटतं. टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळायचं, पैसे मोजताना नोटा सुट्या करतात तसं. थर आपोआप एकमेकांवरून सरकतात. नाहीच जमलं तर दोन्ही थर एकत्र. काही बिघडत नाही.

लाल ठिपक्यांचं इथे लक्षात ठेवा: फक्त वरचा थर दुमडला तर दोन्ही ठिपके दिसायला लागतात, एक दुमडलेल्या टोकावर आणि एक खालच्या थरावर. दुमडलेल्या टोकावरच्या ठिपक्यावरच काळं नाक रंगवून टाकायचं.

९. चेहरा

आता स्केचपेन. आधी दिलं असतं तर घड्या कुणी घातल्याच नसत्या, म्हणून पेनं तोवर नजरेआड ठेवा. ओल्या शाईवर घडी घातली की ती समोरच्या बाजूला उमटते, हेही आहेच.

डोळे किती आणि कुठे, ते मुलाने ठरवायचं. तीन डोळ्यांची कुत्रीही बनतात. कापून उरलेल्या पट्टीचा तुकडा लाल रंगवून हनुवटीच्या घडीत खोचला की जीभ होते. मागच्या बाजूला मुलाचं नाव आणि तारीख तुम्ही लिहा.

त्याच त्रिकोणाचं मांजर

कुत्रं जमलं की दुसऱ्या दिवशी मांजर घ्या. सुरुवात तीच, पण त्रिकोण फिरवायचा नाही: टोक वर, लांब कड पोटाकडे.

वरचं टोक खाली दुमडा, त्रिकोणाच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर. मग खालच्या कडेच्या मध्यापासून एक-दीड बोट सोडून एका बाजूचं टोक वर उभं करा, इतकं की ते कपाळाच्या वर डोकावेल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. कागद उलटा केला की मांजर समोर.

इथे फसायची जागा एकच: घडी मध्यापासून फार लांब घेतली तर कान कपाळापर्यंत पोचतच नाहीत. तसं झालं तर वरचं टोक आणखी थोडं खाली दुमडा, कान आपोआप उंच दिसतील. सगळं उलगडून पहिल्यापासून करण्यापेक्षा हे बरं.

कुठे अडतं

- *मूल कागद चुरगळून टाकतं.* बहुतेक वेळा घडी अवघड गेलेली असते, किंवा कंटाळा आलेला असतो. नवा कागद पुढे करू नका. चुरगळलेला बोळा टेबलावर ठेवून परत सपाट करायला सांगा. त्यात बोटांना चांगलं काम मिळतं आणि वातावरण निवळतं.
- *"तूच कर."* आपल्या कागदावर एक घडी घाला, थांबा, बघा. बरीच मुलं तेवढ्यावर परत कागद ओढून घेतात. नाही घेतला तर त्या दिवशी तुमचं कुत्रं तुम्ही पूर्ण करा आणि त्याला रंगवायला द्या. घड्यांसाठी उद्याचा दिवस आहे.
- *घडी उघडत राहते.* टेबल मऊ आहे किंवा कागद जाड. नखाऐवजी पेन्सिलीची पाठ घडीवरून फिरवायला द्या.
- *कागदाने बोट कापलं.* नव्या कोऱ्या कागदाची कड धारदार असते. मुलाच्या हातातून कागद ओढून घेऊ नका, जास्तीत जास्त वेळा तेव्हाच कापतं.
- *आईला किंवा बाबांना कुत्रं जास्त छान हवं असतं.* त्यांना एक कागद द्या आणि पलीकडच्या टेबलावर बसवा.

एकाच वेळी बरीच मुलं असतील तर

शेजारी बसणं शक्य नसतं. मोठा, निदान तीस सेंटिमीटरचा कागद घ्या. दोन बाजूंना दोन रंग आणि ठिपके लांबूनही दिसतील असे ठळक. मुलांकडे पाठ करून कागद फळ्यावर धरून घडी घाला, म्हणजे तुमचा कागद आणि त्यांचा एकाच दिशेला राहतो. समोर तोंड करून दाखवलंत तर अर्धा वर्ग उलटा जाईल.

सगळ्यांची पहिली घडी होईस्तोवर दुसरी दाखवू नका. ज्यांची लवकर होते त्यांना ती उलगडून परत घालायला सांगा. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस असेल तर निभतं. त्याहून जास्त मुलं असतील तर गट पाडून आळीपाळीने बसवा. एक बैठक दहा-पंधरा मिनिटांची ठेवा.

पुढचे नमुने शोधताना

ओरिगामीच्या आकृत्या कुठल्याही भाषेतल्या असल्या तरी वाचता येतात, कारण रेघांची खूण बहुतेक ठिकाणी एकच असते. ती रूढ झाली ती मुख्यतः अकिरा योशिझावा (१९११–२००५) या जपानी कलाकारामुळे. तुटक तुटक रेघ म्हणजे आपल्याकडे, आतल्या बाजूला दुमडायची घडी. रेघ-टिंब-रेघ म्हणजे मागच्या बाजूला दुमडायची. लहान मुलांसाठी नमुना निवडताना या दोन खुणा मोजा. मागे दुमडायच्या घड्या दोनपेक्षा जास्त असतील, किंवा "खिसा उघडा" दाखवणारा पोकळ बाण असेल, तर तो नमुना सध्या बाजूला ठेवा. मागे दुमडायची घडी एखादीच असेल तर कागद उलटा करून ती पुढे दुमडून घ्या, मग परत सुलटा करा. मुलाला ती वेगळी घडी आहे हे कळतही नाही.

तयार झालेली कुत्री वहीत दाबून ठेवलीत तर घड्या सपाट राहतात. भिंतीवर लावायची असतील तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि कानांना चिकटपट्टी लावू नका, कारण मुलं येता-जाता ते कान उघडून परत घालत बसतात.